सनदी शाळा आणि रायगडचा किनारा : दहावीपलीकडच्या वाटेचा हिशेब

सरकारच्या पैशावर चालणारी, परंतु सरकारी खात्याच्या दैनंदिन अंमलाबाहेर ठेवलेली शाळा म्हणजे 'चार्टर स्कूल'. मराठीत तिला 'सनदी शाळा' म्हणता येईल. अमेरिकेतील महानगरांत गरीब वस्त्यांमधील मुलांनी शालान्त शिक्षण पूर्ण करावे आणि पुढे पदवीपर्यंत जावे, यासाठी गेली तीन दशके या शाळांचा प्रयोग चालू आहे. हे नाव मराठी मुलखात फारसे रुळलेले नसले, तरी ती व्यवस्था येथे अनोळखी नाही. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार वाहणाऱ्या शाळा खासगी संस्थांच्या आहेत आणि त्यांतील शिक्षकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून होते. 'अनुदानित शाळा' या नावाने ओळखली जाणारी ही रचना सनदी शाळेची थोरली बहीणच होय. मात्र या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे आणि किनाऱ्यावरील हजारो मुलांच्या भवितव्याचा प्रश्न त्या भेदाशी जोडलेला आहे.

सनदी शाळा म्हणजे काय?

अमेरिकेत सनदी शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला. दुसऱ्याच वर्षी सेंट पॉल शहरात 'सिटी अ‍ॅकॅडमी' ही पहिली सनदी शाळा उघडली. मधेच शिक्षण सोडलेल्या मुलांना पुन्हा शाळेत आणणे, हाच तिचा हेतू होता. शासन एखाद्या संस्थेशी ठरावीक मुदतीचा करार करते. संस्थेला शिक्षक निवडण्याचे, शाळेचे तास ठरवण्याचे आणि अध्यापनपद्धती आखण्याचे स्वातंत्र्य मिळते. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात पैसा मिळतो. त्या बदल्यात शुल्क घेता येत नाही, प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडता येत नाहीत आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. मुदत संपताना ठरलेली उद्दिष्टे गाठली नसतील, तर सनद रद्द होऊ शकते. स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व यांचा असा हा सौदा आहे.

या सौद्याचे फळ सर्वत्र सारखे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'क्रेडो' या संशोधन केंद्राने २०१५ साली शहरी भागांतील सनदी शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या शाळांतील मुले तुल्य सरकारी शाळांतील मुलांपेक्षा एका वर्षात गणितात सुमारे ४० दिवसांच्या आणि वाचनात सुमारे २८ दिवसांच्या अध्ययनाइतकी पुढे जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच केंद्राच्या २०२३ मधील देशव्यापी अहवालात ही आघाडी वाचनात १६ आणि गणितात ६ दिवस इतकीच दिसते. म्हणजे शहरांतील गरीब मुलांना लाभ अधिक झाला. परंतु चांगल्या आणि सुमार अशा दोन्ही प्रकारच्या शाळा या व्यवस्थेत आहेत. सार्वजनिक शाळांचा निधी वळवला जातो आणि नको असलेली मुले आडमार्गाने वगळली जातात, असे आक्षेपही तेथे सातत्याने घेतले जातात.

प्रवेश आणि पदवी यांतील अंतर

सनदी शाळांच्या इतिहासातील सर्वांत बोलका धडा 'किप' या शाळासमूहाचा आहे. 'नॉलेज इज पॉवर प्रोग्रॅम' या लांबलचक नावाचे हे संक्षिप्त रूप. दोन तरुण शिक्षकांनी १९९४ साली ह्यूस्टन येथे हा उपक्रम सुरू केला. लांब शाळा, कडक शिस्त आणि प्रत्येक मूल महाविद्यालयात जाणारच हा घोष, ही त्याची वैशिष्ट्ये. निकाल उत्तम लागू लागले.

या संस्थेने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा माग ठेवला होता. आरंभीच्या तुकड्यांतील मुलांपैकी किती जणांनी चार वर्षांची पदवी पूर्ण केली, हे तिने २०११ साली स्वतःहून जाहीर केले. तो आकडा ३३ टक्के होता. अल्प उत्पन्न गटातील अमेरिकी तरुणांमध्ये त्या वेळी हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होते. त्या मानाने यश मोठेच. परंतु संस्थेचे स्वतःचे लक्ष्य ७५ टक्के होते. महाविद्यालयात प्रवेश मिळवून देणे आणि पदवी हाती पडणे यांत किती अंतर आहे, हे त्या एका आकड्याने दाखवून दिले. त्यानंतर संस्थेने शाळा सुटलेल्या मुलांसाठी मार्गदर्शक नेमले. शिष्यवृत्तीचे अर्ज, महाविद्यालयाची निवड, पहिल्या वर्षातील अपयश आणि घरच्या अडचणी यांत ते मुलांच्या पाठीशी उभे राहू लागले. मुलांचा हिशेब दहा वर्षे ठेवला नसता, तर हा दोष संस्थेच्या ध्यानातच आला नसता.

महाराष्ट्राची जुनी सनद

भारतात खासगी शाळेला सरकारी अनुदान देण्याचे सूत्र १८५४ च्या वूडच्या खलित्याने रुजवले. त्या अनुदानाचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्नही येथे लवकरच उभा राहिला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी त्यावरच बोट ठेवले. शेतकऱ्यांच्या श्रमातून गोळा होणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांची मुले प्राथमिक शिक्षणालाही मुकतात, अशी त्यांची तक्रार होती.

विसाव्या शतकात या तक्रारीला कृतीने उत्तर देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर गरीब मुलांच्या पदवीची सोय झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. या दोन्ही परंपरांत एक समान जाण दिसते. गरीब मुलाला वर्गात जागा देऊन भागत नाही. राहण्याची, जेवणाची, कमाईची आणि धीराची सोय झाली तरच तो शेवटापर्यंत टिकतो.

रायगडचा किनारा

या दोन्ही परंपरा रायगडात पोहोचल्या. ज्या महाडमध्ये १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेथे १९६१ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय निघाले. पनवेलला १९७० साली रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय सुरू झाले आणि उरण तालुक्यात फुंडे येथे त्याच संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय उभे राहिले. अलिबागेत जनता शिक्षण मंडळाच्या महाविद्यालयाने पदवीची सोय केली. त्यापूर्वी मॅट्रिकनंतर शिकायचे म्हणजे मुंबई गाठणे आलेच, आणि ते ज्यांच्या आवाक्यात होते असे लोक थोडेच होते.

याच काळात किनाऱ्याचे रूप पालटले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी पनवेल व उरण तालुक्यांतील आगरी, कोळी व इतर शेतकरी समाजांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. पुढे न्हावा-शेवा बंदराचे काम आले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि पागोटे येथे झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढल्या गेलेल्या या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. १९८९ साली बंदर सुरू झाले, थळला खतकारखाना आला, नागोठणे आणि डोलवी परिसरात मोठे उद्योग उभे राहिले. भातशेती व मिठागरे यांवर जगणारी गावे एका पिढीत शहराच्या कुशीत गेली. २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सेतूने मुंबई आणखी जवळ आणली.

जमीन गेली, तेव्हा नोकरीची आशा दाखवली गेली. परंतु बंदरातील आणि कारखान्यांतील बऱ्या पगाराच्या जागांना पदविका किंवा पदवी लागते. दहावी-बारावीवर थांबलेल्या मुलाच्या वाट्याला कंत्राटी कामच येते. त्यामुळे या पट्ट्यात पदवीचा प्रश्न हा प्रतिष्ठेचा राहिलेला नाही. घरातील जमिनीच्या जागी उपजीविकेचे दुसरे कोणते साधन येणार, याचे ते उत्तर आहे. दक्षिणेकडे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन येथे चित्र निराळे असले तरी अडचण तीच आहे. मासेमारी बेभरवशाची झाली, गावे मुंबईकडे व आखातात कामाला गेली, शाळांतील पट घटला. कातकरी कुटुंबांची मुले तर वीटभट्टीच्या आणि कोळसाभट्टीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गावच सोडतात.

साम्य आणि भेद

अनुदानित शाळा आणि सनदी शाळा यांतील साम्य उघड आहे. इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचे, वेतन शासनाचे, सार्वजनिक परीक्षा सर्वांना सारखी. भेद मात्र तीन आहेत.

पहिला भेद पैशाच्या रीतीत आहे. सनदी शाळेला पैसा प्रत्येक मुलामागे मिळतो. अनुदानित शाळेला 'संचमान्यते'नुसार मंजूर झालेल्या पदांचे वेतन मिळते. पट घटला की पद जाते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलल्यानंतर लहान पटाच्या शाळांपुढील संकट वाढले. खाडीपलीकडच्या किंवा डोंगराआडच्या गावातील शाळेत गणिताचा शिक्षक अतिरिक्त ठरला, तर त्याची झळ त्या गावातील मुलांच्या विज्ञान शाखेच्या वाटेलाच लागते.

दुसरा भेद शिक्षक नेमण्याच्या स्वातंत्र्याचा. येथे १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. भरतीतील गैरप्रकार रोखण्यासाठी पुढे 'पवित्र' प्रणाली आली आणि संस्थेचा निवडीचा अधिकार मर्यादित झाला. शिक्षकाला संरक्षण मिळाले, हे या व्यवस्थेचे बलस्थान. मात्र दीर्घकाळ रिक्त राहणारी पदे ही तिची दुसरी बाजू.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे मुदतीचा आणि हिशेबाचा. सनद पाच-सात वर्षांनी पुन्हा तपासली जाते. अनुदान एकदा मिळाले की परीक्षा संपते. २००१ साली राज्याने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. २००९ साली त्यातील 'कायम' हा शब्द वगळला गेला आणि मूल्यांकनात पात्र ठरलेल्या शाळांना वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान देण्याचा मार्ग निघाला. म्हणजे मूल्यांकनाची कल्पना येथेही आली. पण ती दाराशीच थांबली. आत गेल्यावर शाळेने किती मुलांना शेवटपर्यंत नेले, हे विचारणारी रीत निर्माण झाली नाही. टप्पा अनुदानाची वाट पाहत अपुऱ्या वेतनावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षकांची परवड झाली, ती वेगळीच.

गळतीच्या जागा आणि असलेले आधार

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, तो ६ ते १४ वर्षे वयासाठी. आठवीनंतर त्याचे छत्र संपते. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलालाही नववीपासून शुल्काचा सामना करावा लागतो. त्यामुळे पहिली गळती आठवी-नववीच्या सांध्यावर होते. दुसरी दहावीनंतर, जेव्हा गावातील शाळा संपते आणि कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला असते. तिसरी, आणि सर्वांत कमी दिसणारी, पदवीच्या पहिल्या वर्षात. तेथे इंग्रजीतील पाठ्यपुस्तके, प्रवासाचा खर्च आणि घरची निकड एकाच वेळी समोर ठाकतात.

प्रत्येक सांध्यावर काही ना काही आधार आहेत; अडचण त्यांची माहिती वेळेवर पोहोचण्याची आहे. आठवीत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतून निवडलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे, आणि पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. दहावीत नापास झालेल्यांसाठी २०१५ पासून जुलैमध्येच फेरपरीक्षा होऊ लागल्याने वर्ष वाया जात नाही. शाळा सुटून काही वर्षे गेली असतील, तर 'सतरा नंबरचा फॉर्म' भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४ पासून पूर्ण माफ झाले. नोकरी करत शिकणाऱ्यांना १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे.

या सर्व योजना निरनिराळ्या खात्यांच्या, निरनिराळ्या मुदतींच्या आणि निरनिराळ्या कागदपत्रांच्या आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी एक जरी राहिले तरी वर्ष जाते. ज्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तेथे हे सांगणारे माणूस नसते. त्या माणसाची जागा शाळेनेच घ्यावी लागते.

मुंबई-पुण्याचे नवे प्रयोग

सनदी शाळेशी अगदी जवळचे प्रयोग महाराष्ट्रात महानगरपालिकांच्या शाळांत झाले. मुंबईत 'मुक्तांगण' या उपक्रमाने २००३ पासून पालिकेच्या शाळांबरोबर काम सुरू केले. 'आकांक्षा फाउंडेशन'ने २००७ पासून मुंबई-पुण्यात पालिकेच्या इमारतींत शाळा चालवण्यास प्रारंभ केला. इमारत व मूलभूत सुविधा पालिकेच्या, शिक्षक व व्यवस्थापन संस्थेचे, असा हा करार असतो. मुंबई महापालिकेने २०१३ साली अशा भागीदारीचे धोरणच आखले. शाळा सोडून गेलेल्या मुलांशी संपर्क ठेवून त्यांच्या उच्च शिक्षणाला हातभार लावणे, हा आकांक्षाच्या कामाचा एक भाग आहे. अशा करारांत पालिकेची जबाबदारी सैल होते आणि शाळा देणग्यांवर अवलंबून राहते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. कायद्याने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य प्राथमिक शिक्षणाचेच असल्याने दहावीपर्यंतची साखळी जोडणे हेही अवघड जाते. पनवेलसारख्या नव्या महापालिकेपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये 'दत्तक शाळा' योजना आणली. तीत दात्याने शाळेला वस्तू व सुविधा द्यायच्या असतात. व्यवस्थापन शासनाकडेच राहते. त्यामुळे ती सनदी शाळा ठरत नाही. त्याच सुमारास वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा डोंगराळ आणि खाडीकाठच्या वाड्यांतून विरोध झाला. वाहनाची खात्री नसेल तर दूरची चांगली शाळा लहान मुलासाठी नसल्यातच जमा असते.

हिशेब कोणी ठेवायचा?

सनदी शाळांची हुबेहूब नक्कल रायगडच्या किनाऱ्याला हवी, असे या सर्व विवेचनातून निघत नाही. शुल्काविना, निवडीविना शिकवणाऱ्या अनुदानित शाळा येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांच्या शिक्षकांना कायद्याचे संरक्षण आहे. घेण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे मुलाचा हिशेब दहावीच्या निकालाशी बंद न करणे.

शाळेच्या फलकावर दहावीचा शेकडा निकाल मोठ्या अक्षरांत लागतो. तो परीक्षेला बसलेल्यांचा असतो. आठवीत पटावर असलेल्या मुलांपैकी कितीजण दहावीला बसले, त्यांतील कितीजण बारावी झाले आणि कितीजण पदवी, पदविका किंवा आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडले, हे तीन आकडे फलकावर कोठेच नसतात. ते काढणे आता अशक्य राहिलेले नाही. राज्यात २०१५ पासून 'सरल' प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद क्रमांकासह होते, केंद्राच्या 'यूडायस प्लस'मध्येही माहिती विद्यार्थिनिहाय भरली जाते आणि शालेय व उच्च शिक्षणाची नोंद एका ओळखक्रमांकाखाली आणणारी 'अपार' योजनाही सुरू झाली आहे. नोंदी शाळेनेच भरलेल्या असतात. त्यांतून निघणारे उत्तर मात्र शाळेपर्यंत परत येत नाही.

हे उत्तर शाळेकडे आले, तर त्याचा उपयोग शिक्षा करण्यासाठी होऊ नये, ही दक्षताही घ्यावी लागेल. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांची शाळा आणि नवीन पनवेलच्या वसाहतीतील शाळा यांना एकच गज लावला, तर गरीब मुले घेणारी शाळाच बदनाम होईल आणि पुढच्या वर्षी ती अशी मुले टाळू लागेल. अमेरिकेतील अनुभवाने हा धोकाही दाखवला आहे. म्हणून प्रत्येक शाळेची तुलना तिच्याच मागील तुकड्यांशी व्हावी आणि जेथे गळती जास्त तेथे आधी वसतिगृह, वाहन आणि एक मार्गदर्शक शिक्षक द्यावा, हा क्रम न्याय्य ठरेल.

साताऱ्याच्या वसतिगृहात आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात हे काम एका ओळखक्रमांकाविनाही झाले होते, कारण मुलगा परत फिरला तर त्याची विचारपूस करणारे कोणीतरी तेथे होते. जमीन बंदराला दिलेल्या गावातील मुलीची किंवा समुद्रावर जाणाऱ्या घरातील मुलाची तशी विचारपूस नववीतही व्हावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षातही व्हावी. शासनाच्या वेतनावर चालणाऱ्या शाळेकडून समाजाने मागावी अशी ही रास्त अपेक्षा आहे.